पोलीस मुंबईत एकदाच गायले

२६ मार्च १९८० ला धोबीतलावच्या रंगभवनात पोलीस आले होते. कुणाला पकडायला नाही, कार्यक्रम बंद पाडायलाही नाही. गायला आले होते. स्टिंग, अँडी समर्स आणि स्टुअर्ट कोपलँड या तिघांचा ‘द पोलीस’ हा बँड. आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये त्यांची दोन गाणी पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि हे तिघं जगाच्या दौऱ्यावर निघाले होते. मुंबईतला कार्यक्रम कुठल्या इव्हेंट कंपनीने नाही, तर धर्मादाय काम करणाऱ्या ‘टाइम अँड टॅलेंट्स’ या बायकांच्या क्लबने भरवला. आणि झाला कुठे, तर सरकारी मालकीच्या एका खुल्या रंगमंचावर, मेट्रो सिनेमापासून हाकेच्या अंतरावर. इथून ते पुढे कैरोला गेले.

हा बँड पुन्हा मुंबईत आला नाही. २००७-०८ मध्ये तिघं परत एकत्र आले, जगभर फिरले, तेव्हाही नाही. आणि आले असते तरी रंगभवनात गाऊ शकले नसते. कारण २००३ मध्येच ते रंगभवन आपण गप्प केलं होतं.

हे आज लिहायचं कारण असं की, कुठलाही मोठा परदेशी बँड मुंबईत येणार अशी बातमी आली की माझ्या भिंतीवर दोनच प्रकारच्या पोस्टी दिसतात. एक म्हणतात, बघा, कॉन्सर्ट इकॉनॉमी आली, हॉटेलं भरली, विमानं भरली, मुंबई आता लंडन झाली. दुसरे म्हणतात, हे आपलं नाही, पोरांना नादी लावायचे धंदे आहेत, मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

मंडळी, दोघंही चुकताय. आणि दोघांच्या मधल्या जागेत या शहराची एक हक्काची वस्तू चोरीला गेलीय, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी दुसऱ्या प्रकारच्या लोकांचं बघू. ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा धोबीतलावला फेरी मारावी. तिथे जेर महाल आहे. त्या इमारतीत गोव्याच्या गावोगावच्या कुडी होत्या. गोव्याहून आलेला खलाशी, स्वयंपाकी, वादक आधी आपल्या गावच्या कुडीत उतरायचा. हिंदी सिनेमाच्या ज्या गाण्यांवर आपले आईवडील डोलले, त्यातली व्हायोलिनं, ट्रम्पेटं वाजवणारे आणि सुरावटी कागदावर उतरवून देणारे कितीतरी लोक गोव्याचेच. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली दोन मोठी नावं. वाद्यांचं फुर्तादोचं दुकान इथेच. म्हणजे या गल्लीला गिटार परकी नव्हती. गिरगावातून आलेल्या माझ्यासारख्यालाही ती परकी वाटली नाही.

रंगभवनात काही फक्त रॉक होत नव्हतं. राज्य नाट्य महोत्सवाची मराठी नाटकं तिथे झाली. १९७८ मध्ये जाझ यात्रा तिथे सुरू झाली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला तिथे वाजवून गेला. दोन वर्षांनी पोलीस आले. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं. ऑगस्टमधला हा मेळा पुढे वर्षानुवर्षं रंगभवनात भरला आणि देशभरातल्या कॉलेजच्या पोरांसाठी पंढरी झाला. एकाच मंचावर मराठी नाटक, अमेरिकन जाझ, विलायती रॉक आणि आमच्या शेजारच्या गल्लीतला बँड. याच्याइतकं मुंबईचं दुसरं काय असू शकतं, मला सांगा.

मी पहिल्यांदा तिथे गेलो नव्वदीच्या सुरुवातीला, अकरावीत असताना. चाळीतून चालत. रिक्षा नाही, टॅक्सी नाही, गटारं तुडवत भर पावसात चालत. तिकिटाचे पैसे आम्ही चौघांनी वडापाव बंद करून जमवले होते. मंचावर जी पोरं वाजवत होती ती आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती. त्यांचे शर्ट आमच्यासारखेच होते. हीच त्या जागेची खरी ताकद होती. लंडनचा बँड जिथे उभा राहिला त्याच फळ्यांवर बोरिवलीचा, वांद्र्याचा, माझगावचा पोरगा उभा राहू शकत होता. आमच्या चौघांतल्या एकाने त्या रात्री ठरवलं की आपण ड्रम वाजवायचे. पुढची सात-आठ वर्षं त्याने वाजवलेही. आज तो विम्याचे हप्ते गोळा करतो. त्याच्यात दम नव्हता असं कुणी म्हणेल. असेलही. पण ज्या वयात त्याला मंच हवा होता, त्याच वयात मंचाला कुलूप लागलं, हेही तितकंच खरं.

आता २००३ कडे या. त्या वर्षीच्या ७ एप्रिलला रोलिंग स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर गायले. तीन दिवस आधी ते बंगळुरूत गायले होते. चाळीस वर्षांची कारकीर्द झालेल्या या बँडचे भारतातले हे पहिले कार्यक्रम. मुंबईत स्टोन्सचा इतिहास एवढाच, एक रात्र. पेपरांची पानं भरली, नटनट्या हजर, सगळं शहर कौतुकात. आणि त्याच वर्षी, ब्रेबॉर्नपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर असलेलं रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमाखाली बंद पडलं. त्याच्याबद्दल किती रकाने छापून आले? ज्यांना तिथे जायची सवय होती तेवढेच हळहळले.

तेव्हापासून मोठ्या बँडचा मुंबईतला पत्ता बघा. २००७ च्या फेब्रुवारीत पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन, तेच मैदान. त्यांच्या त्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली. ब्रूस डिकिन्सन हा त्यांचा गायक स्वतः विमान चालवत इथे उतरला आणि दौऱ्यावरच्या माहितीपटाची सुरुवातही इथूनच होते. ९ डिसेंबर २०१२ ला गन्स अँड रोझेस, पुन्हा तेच मैदान. स्लॅश त्यात नव्हता. तो आणि डफ मॅकेगन बरोबर असलेला गन्स अँड रोझेस मुंबईला दिसायला १७ मे २०२५ उजाडावं लागलं, तेव्हा महालक्ष्मीचं रेसकोर्स. कोल्डप्ले २०१६ मध्ये बीकेसीत आणि २०२५ च्या जानेवारीत तीन रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

ही यादी नीट वाचा. क्लबचं क्रिकेट मैदान, प्राधिकरणाची मोकळी जमीन, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, शेजारच्या शहरातलं खाजगी स्टेडियम. यातली एकही जागा संगीतासाठी बांधलेली नाही. प्रत्येक वेळी मातीवर पत्रे ठोकायचे, कुंपणं घालायची, जनरेटर आणायचे, फिरती शौचालयं आणायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं उचलून न्यायचं. हा सगळा खर्च कुणाच्या माथी? तिकिटाच्या. म्हणून मग ते तिकीट अडीच हजारांपासून सुरू होतं आणि पस्तीस हजारांपर्यंत जातं. कोल्डप्लेच्या वेळी तर काळ्या बाजाराची चौकशी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत पोहोचली.

मीही गेलोय अशा मैदानी कार्यक्रमांना. गेल्या काही वर्षांतल्या एकाला मुलीला घेऊन गेलो. कुठला ते सोडा, सगळीकडे थोडाफार हाच प्रकार. घरची पाण्याची बाटली दारावर फेकायला लावली, आत पाण्यासाठी पाऊण तास रांग. तिकिटाच्या किमतीप्रमाणे माणसांचे पिंजरे केलेले. आमच्या पिंजऱ्यातून मंच आगपेटीएवढा दिसत होता, म्हणजे आम्ही सात-सात हजार रुपये देऊन मोठा टीव्ही बघत होतो. सुटल्यावर स्टेशनपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायपीट, रिक्षावाला पाचशे मागतोय. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही लहानपणी खरंच चालत जायचात कॉन्सर्टला?” तिला ती थाप वाटत होती.

म्हणून कॉन्सर्ट इकॉनॉमीवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या गुंतवणूकदार परिषदेत मुंबई आणि अहमदाबादच्या कोल्डप्लेचं उदाहरण देऊन राज्यांना या अर्थव्यवस्थेकडे लक्ष द्यायला सांगितलं. रेल्वेने मुंबईहून अहमदाबादच्या कार्यक्रमासाठी खास गाड्या सोडल्या. चांगलंय. पैसा येत असेल तर येऊ द्या. पण वर्षातून चार वेळा बाहेरचा पाहुणा येऊन जाणं म्हणजे संगीताचं शहर होणं नव्हे. हे लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन ‘आमचं घर केवढं मोठं’ म्हणण्यासारखं झालं. मंडप उठला की तुमच्या हातात काय उरतं?

आणि पाहुण्यांचे लाड आपण कसे करतो तेही आठवा. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला. तेव्हाच्या युती सरकारने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती माफी रद्द करून फेरविचार करायला सांगितलं. आणि २०२१ मध्ये, वेगळ्या आघाडीच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने ती तीन कोटींवरची माफी पुन्हा दिली! मायकल जॅक्सन जाऊनही तेव्हा अकरा वर्षं उलटली होती. एका रात्रीच्या कार्यक्रमाची फाईल आपलं सरकार पंचवीस वर्षं जिवंत ठेवू शकतं. रंगभवनाची फाईल मात्र उघडायला सवड नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणाल, अहो पण शेजारी कामा हॉस्पिटल आहे, झेवियर्स कॉलेज आहे. पेशंटनी काय करायचं?

बरोबर विचारलंत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र. दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. रॉकचा ड्रमवाला पहिल्या ठोक्यालाच ही मर्यादा मोडतो, यात वादच नाही. आणि मी हे उगाच तोंडदेखलं म्हणत नाही. २०१९ मध्ये माझी आई एका हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होती. बाहेरून विसर्जनाची मिरवणूक गेली. डीजेच्या ठोक्यांनी खिडकीची काच थरथरत होती, सलाईनची बाटली हलत होती. मी खाली जाऊन हात जोडले. ट्रकवरच्या पोराने माझ्याकडे बघून आवाज वाढवला. शेजारी हवालदार उभा होता. तो मला म्हणाला, “काका, आजचा दिवस जाऊ द्या.” आईच्या कानांवर मी माझे हात ठेवून बसलो होतो.

म्हणून रुग्णालयाशेजारी आवाज नको हे मला कुणी शिकवू नये. पण हेही मला कुणी सांगू नये की रंगभवन पेशंटच्या काळजीपोटी बंद आहे. पेशंटची काळजी असती तर ती मिरवणुकीच्या दिवशीही दिसली असती. सभेच्या दिवशी दिसली असती, दहीहंडीच्या थरांखाली लावलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर दिसली असती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवलं, तरी तिथले दसरा मेळावे गाजत राहिले. सभेसाठी आणि ठरावीक दिवसांसाठी वाट निघते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये, गणपती दोन आठवड्यांवर आलेले असताना, केंद्राने नियमच बदलला. राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र धरायची नाही, असा. म्हणजे ज्याच्यामागे मतं आहेत त्याच्यासाठी नियम वाकतो. ज्याच्यामागे फक्त गिटार घेतलेली शंभर पोरं आहेत त्याच्यासाठी तो पोलादाचा होतो.

आणि हे फक्त रॉकचं दुखणं समजू नका. रात्री दहाच्या नियमाने पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभरच्या मैफली गेल्या. उत्तररात्रीचे राग आणि पहाटेची भैरवी त्या मंडपात ऐकलेली पिढी आता साठी-सत्तरीत आहे. ते निमूटपणे संध्याकाळी येतात आणि वेळेत घरी जातात. संगीतवाले नियम पाळतात हाच त्यांचा गुन्हा दिसतोय.

बरं, मग माझी मागणी काय? शांतता क्षेत्र उठवा, अशी अजिबात नाही. आवाज भिंतीच्या आत अडवा, एवढंच. हे काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड काम नाही. ज्या १९८० मध्ये पोलीस रंगभवनात गायले, त्याच १९८० मध्ये याच शहरात नरिमन पॉइंटला एनसीपीएचं टाटा थिएटर उघडलं. वास्तुविशारद फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. म्हणजे आवाजाचा विचार करून बांधलेली वास्तू कशी असते ते मुंबईला ४५ वर्षांपूर्वीच माहीत होतं. फक्त ते ज्ञान सरकारी रंगमंचापर्यंत पोहोचलं नाही.

शेजारी वारसा इमारती आहेत, बांधकामाला मर्यादा येतील, हेही मान्य. समजा छत घालता येतच नाही. मग विना-स्पीकर जे होतं ते करा की! नाटकवाचन, कवितावाचन, नुसत्या तंबोऱ्यावरचं गाणं, शाहिरी, एक गिटार आणि एक गळा. शांतता क्षेत्रात मंच असायला बंदी नाही, मर्यादेबाहेरच्या आवाजाला बंदी आहे. आपण आवाजाच्या नावाने मंचच मारला.

मधल्या काळात तिथे मराठी भाषा भवन करण्याची घोषणा झाली. मी मराठीत लिहितो, मराठीत भांडतो, मला आनंदच झाला असता. पुढे ते भवन चर्नी रोडला हलवलं आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला तिथे भूमिपूजन झालं. ठीक आहे, पण रंगभवनाचं काय? एकेकाळी मराठी नाटकं झालेली जागा मराठीच्या नावाने अडवली आणि मग मराठीलाही दिली नाही. ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्यांनी याचा राग धरावा, स्टिंगचा नको.

लिव्हरपूलचं उदाहरण देतो, कारण असा गाढवपणा आपणच केला असं नाही. बीटल्स ज्या तळघरात २९२ वेळा गायले तो कॅव्हर्न क्लब १९७३ मध्ये बंद करून पाडला. कारण काय, तर भुयारी रेल्वेसाठी हवा खेळवायचा झरोका हवा होता. तो झरोका शेवटी बांधलाच नाही, जागेवर वाहनतळ झाला. मग शहराला अक्कल आली. १९८४ मध्ये त्याच रस्त्यावर, जुन्या विटा वापरून, क्लब पुन्हा उभारला. आज जगभरातून लोक ते तळघर बघायला येतात आणि तिथे रोज कुणीतरी नवं पोरगं गातं. त्यांना अकरा वर्षं लागली. आपल्याला बावीस होऊन गेली. आणि आपल्याकडे पाडलेलं काहीच नाही, जागा तशीच उभी आहे, नुसतं कुलूप काढायचंय.

गंमत बघा, आज नव्या पिढीतल्या कुणाला ‘रंगभवन’ म्हटलं तर काय आठवतं? रंगभवन लेन. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गल्लीत धारातीर्थी पडले ती गल्ली. त्यांना विसरणं शक्य नाही, विसरूही नये. पण ज्या नावाने ती गल्ली ओळखली जाते ते भवन कशाचं होतं, हेच शहर विसरलंय. गोळ्यांचे आवाज लक्षात राहिलेल्या त्या जागेत पुन्हा गाणं ऐकू यावं, यापेक्षा चांगलं स्मरण मला तरी सुचत नाही.

तर सरकारला आणि महापालिकेला, आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला, विचारायचे प्रश्न तीन. रंगभवन कधी उघडणार, तारीख सांगा. शांतता क्षेत्राचा नियम गिटारला आणि डीजेला सारखा लावणार का? आणि प्रत्येक वॉर्डात नाही, निदान प्रत्येक परिमंडळात तरी, पाचशे-हजार माणसं मावतील असं आवाज आत राहणारं, कमी भाड्याचं एक सभागृह नव्या पोरांसाठी बांधणार का? एका उड्डाणपुलाच्या खर्चात अशी कितीतरी होतील.

कोल्डप्लेला या शहरात जागा मिळेलच. पैसा असला की मैदान सापडतं. मला काळजी त्या पोरीची आहे, जी आत्ता कुठेतरी डोंबिवलीत उशी लावून ड्रमचा आवाज दाबतेय, कारण खालचे काका ओरडतात. काकांचंही चूक नाही. तिने जायचं कुठे?